नागपूरच्या शिक्षकांनो, आपल्या मुलांना एकदा खदान दाखवा

नागपूर शहरातील शाळांचे मुख्याध्यापक आणि शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक आहे. शहरातल्या एका शाळेत सातवीला मराठी आणि भूगोल शिकवते. राहते मात्र शहराबाहेर, खापरखेड्याकडच्या एका खदान वसाहतीत. माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातलं. नवऱ्याला कोळसा खदानीत इलेक्ट्रिकल विभागात नोकरी लागली, म्हणून दीड वर्षापूर्वी आम्ही देवरुखचं बिऱ्हाड उचलून इकडे आलो. रोज सकाळी कोराडी, मानकापूर करत बसने शहरात यायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत जायचं. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आतलं. या पंचवीस किलोमीटरांबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर मी वर्गाला निबंध दिला, ‘माझा जिल्हा’. एकेचाळीस वह्या आल्या. संत्री सगळ्यांत होती. झिरो माइल, दीक्षाभूमी, फुटाळा, रामटेकचा गड, पेंचचे वाघ, मेट्रो, तर्री पोहे, मारबत. एका मुलीने काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीवर इतकं जिवंत लिहिलं होतं की मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. पण एकेचाळीस वह्यांत खदान हा शब्द एकदाही आला नाही. कोळसा नाही, मँगनीज नाही.

त्या एकेचाळिसांत एक मुलगा आमच्याच वसाहतीतला आहे. माझ्याच बसने येतो. त्याचे वडील खदानीत मायनिंग सरदार आहेत, म्हणजे खाली पाळीतल्या माणसांच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावर असते. त्यानेही संत्र्यांवरच लिहिलं होतं. परतताना बसमध्ये मी त्याला विचारलं, “तू खदानीबद्दल का नाही लिहिलंस रे? तुला तर सगळं माहीत आहे.” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मॅडम, ते कायले लिहाचं?”

हा प्रश्न मला झोपू देईना. त्याचं उत्तर म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते त्याच्याइतकंच तुम्हालाही आहे.

आम्ही इथे आलो ते मे महिन्यात. कोकणातल्या माणसाने नागपुरात मे महिन्यात पहिलं पाऊल ठेवू नये, असं पुढे शेजारणीने सांगितलं. पारा पंचेचाळीसच्या वर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्वार्टरमध्ये भांडी लावत होते. अचानक फडताळातल्या वाट्या एकमेकींवर किणकिणल्या, खिडकीचं तावदान थरथरलं आणि पायाखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं. आम्ही कोयनेच्या धक्क्यांची माणसं. मी मुलीला उचललं आणि थेट अंगणात आले. समोरच्या काकू ओट्यावर शांतपणे तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, “ब्लास्टिंग व्हय जी. रोजचंच हाय. या, बसा.” जवळच्या उघड्या खदानीत रोज दुपारी सुरुंग लावतात. आता माझी मुलगी त्या आवाजावर चार वाजायला किती वेळ उरला ते ओळखते.

आमच्याकडे खाण म्हणजे चिऱ्याची. लाल जांभ्याचे चिरे कापून काढतात, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, पोरं त्यात पोहतात. वाईट गोष्टी तिथेही होतात, पण सगळं उजेडात असतं. इथे लोक खाण म्हणतच नाहीत, खदान म्हणतात. आणि जमिनीखालच्या खदानीत जाण्याला नुसतं ‘खाली जाणं’ म्हणतात. भाषा शिकताना मला सर्वांत आधी हेच शब्द आले. ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर हे नंतर कळलं. बायका एकमेकींना हाक मारून विचारतात, “आले का जी वर?” आणि समोरून उत्तर येतं, “आता आले वर.” मग दोन्ही घरांत पोळ्या टाकायला सुरुवात होते.

‘वर येणं’ या दोन शब्दांत काय काय भरलेलं आहे, ते पहिल्या महिन्यात कळलं. खाली जाताना खदानीच्या तोंडाशी झडती होते. बिडी, काडेपेटी, लायटर, मोबाइल काहीही नेता येत नाही. कोळशाच्या थरातून मिथेन वायू सुटतो, एक ठिणगीही पुरते. म्हणजे पाळी सुरू झाली की आठ तास त्या माणसाचा फोन लागत नाही. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा फोन केला होता. तो एका कपाटात वाजत पडला होता. आता करत नाही. आता भोंगा ऐकते.

वसाहतीचा सगळा दिवस पाळ्यांवर चालतो. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, म्हणून आमच्या गल्लीत सकाळी दहाला मुलं क्रिकेट खेळत नाहीत, कुकरची शिट्टीसुद्धा बायका हाताने दाबून धरतात. वारा कुठून येतो ते बघून कपडे वाळत घालतात. ढिगाऱ्यांकडून वारा असला की पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत राखी होतो. कोळशाची धूळ पाळीवरून आलेल्या माणसाच्या पापण्यांच्या मुळाशी बसते. दोनदा साबण लावला तरी जात नाही. काजळ घातल्यासारखी बारीक रेघ राहते. आमच्या वसाहतीत लग्नाच्या पंगतीत माणूस खाली काम करतो की वर, हे मी आता डोळ्यांवरून सांगू शकते.

कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना एकदा खाली न्यायचं ठरलं तेव्हा मी गेले. हेल्मेट, गमबूट, कमरेच्या पट्ट्याला बॅटरी, हेल्मेटवर दिवा. उताराने चालत खाली. मला वाटलं होतं उकडेल, पण मोठ्या पंख्याने खेचलेली हवा अंगावरून सतत वाहत होती. भिंती काळ्या असतील वाटलं होतं, त्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या. कोळशाची धूळ पेटू नये म्हणून तिच्यावर दगडाची पूड मारतात. कोळसा सगळा काढत नाहीत. मध्ये मध्ये कोळशाचेच मोठे चौकोनी खांब ठेवतात, त्यांच्यावर छत उभं असतं. छताला पोलादी बोल्ट मारलेले असतात. नदीकाठच्या काही खदानींत कोळसा काढून झालेल्या पोकळीत कन्हानची रेती पाण्यासोबत सोडून ती भरून टाकतात, म्हणजे वरची जमीन खचत नाही.

तिथे एका जागी आम्हाला थांबवलं. त्या मुलाचे वडीलच आमच्यासोबत होते. त्यांच्या हातात एक लांब सळई होती. पुढे जायच्या आधी त्यांनी ती सळई छताला ठोकली आणि मान वाकडी करून ऐकलं. दोन पावलं पुढे गेले, पुन्हा ठोकली. आम्ही बायका माठ विकत घेताना टिचकी मारून ऐकतो ना, अगदी तसं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “खणखणीत वाजलं तं छत चांगलं. भदभद वाजलं तं मांगं सरकाचं.” मग त्यांनी सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले. इतका काळोख मी कधी पाहिला नव्हता. अमावास्येच्या रात्री कोकणातल्या रानातही थोडं काही दिसतंच. इथे डोळ्यांसमोर धरलेला माझाच हात मला दिसला नाही. त्या काळोखात हा माणूस रोज कानावर भरवसा ठेवून चालतो, त्याच्या मागे त्याच्या पाळीतली माणसं चालतात, आणि त्याचा मुलगा माझ्या वर्गात संत्र्यांवर निबंध लिहितो.

ते ‘कायले लिहाचं’ कुठून आलं, हे मला नंतर त्याच्या आईकडून समजलं. मागच्या वर्षी शहरातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. त्याने पुठ्ठ्याचं खदानीचं मॉडेल केलं होतं. कोळशाचे खांब खऱ्या कोळशाचे, छताला टाचण्यांचे बोल्ट, बारका पंखा सेलवर फिरणारा. वडिलांनी रात्रपाळी करून येऊन त्याला बोर्डाची, म्हणजे खांबांमधल्या वाटांची, मापं समजावली होती. पाहायला आलेल्या एका शिक्षकांनी बोटाला लागलेली काजळी रुमालाला पुसली आणि म्हणाले, “इतकं काळं काळं काय बनवलंस? पुढच्या वर्षी सोलरचं कर काहीतरी.” सोबतची मुलं हसली. बसमध्ये काही दिवस त्याला ‘कोळसा’ म्हणून हाक मारत. मॉडेल घरी आलं ते पलंगाखाली गेलं.

त्या शिक्षकांचं नाव मला माहीत नाही आणि माहीत करूनही घ्यायचं नाही. सोलरबद्दल ते चुकीचं काही बोलले नाहीत. कोळसा जाळल्याने हवा बिघडते, पृथ्वी तापते, हे मीही वर्गात शिकवते आणि मनापासून शिकवते. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या वीज केंद्राच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राख आजूबाजूच्या शेतांत, नाल्यांत शिरली. ते वाचलेलं पोर मला विचारतं, तेव्हा मी त्याला लपवून काही सांगत नाही. पण ज्या वर्गात सोलरचा धडा शिकवला जातो त्या वर्गाच्या छताचा पंखा आज कशावर फिरतो, तेही त्याच मुलाला सांगायला नको का? कोराडीला 660 मेगावॉटचे तीन संच आहेत, खापरखेड्याचं केंद्र 1340 मेगावॉटचं आहे. शहराच्या उत्तरेकडच्या कुठल्याही गच्चीवरून ती धुराडी दिसतात. मुलांना धुराडी माहीत आहेत. धुराड्यांच्या तोंडात काय जातं आणि ते कोणाच्या हातून येतं, हे माहीत नाही. उद्या कोळसा कमी झाला, खदानी एकेक करून बंद झाल्या, तर त्या माणसांचं काय करायचं हे याच मुलांना ठरवायचं आहे. ज्यांना त्यांनी कधी पाहिलंच नाही, त्यांच्याबद्दल ती काय ठरवतील?

तुम्ही म्हणाल, खदानीचं शहर म्हणजे चंद्रपूर, फार तर वणी. नागपूर कसलं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मी सिव्हिल लाइन्समधून चालत जाताना पाट्या वाचायला लागले. देशभरातल्या, कोळसा सोडून इतर प्रमुख खनिजांच्या खाणींची नोंद आणि नियमन पाहणारं भारतीय खाण ब्युरो 1948 साली स्थापन झालं, त्याचं मुख्यालय इथे आहे. विदर्भाच्या आणि शेजारच्या मध्य प्रदेशातल्या कोळशाचा कारभार पाहणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स 1975 पासून इथे आहे. काटोल रोडवर मँगनीज काढणारी मॉइल ही कंपनी आहे. तिचं मूळ 1896 सालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातं आणि 1962 मध्ये ती भारत सरकारच्या भागीदारीत आली. सेमिनरी हिल्सला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. व्हीएनआयटीत खाणकाम अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईला समुद्र आहे, म्हणून तिथल्या मुलांना बंदर माहीत असतं. नागपूरच्या मुलाला एवढी सगळी कार्यालयं बसच्या खिडकीतून रोज दिसतात, त्याच्या वर्गमित्रांचे आईवडील तिथे काम करतात, आणि तरी त्याला खदान माहीत नाही.

दरवर्षी आपल्यापैकी निम्म्या शाळा रामटेकला सहल नेतात. वाटेत कांद्री आणि मनसर लागतं. दोन्हीकडे मँगनीजच्या खाणी आहेत. पोलाद करायला मँगनीज लागतंच. मुलांच्या खेळण्यातल्या साध्या सेलमध्येही मँगनीजचं संयुग असतं. आपण बस थांबवतो ती नाश्त्यासाठी.

भूगोलाच्या पुस्तकात गोंडवाना हे प्राचीन महाखंडाचं नाव आलं की मुलं ते पाठ करतात आणि दक्षिण ध्रुवाकडे बघतात. तो शब्द गोंडांच्या मुलखावरून आला आहे, म्हणजे आपल्या मुलखावरून. कामठीच्या नावाने खडकांचा एक थर जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांना माहीत आहे. मँगनीजच्या एका खडकाला लुईस फर्मर यांनी गोंडाइट असं नाव दिलं, तेही गोंडांवरूनच. 1845 च्या सुमारास नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच परिसरात फिरून दगड आणि दगडांत उमटलेली पानं गोळा करत. त्यांच्या नावाच्या कॉलेजसमोरून आपली मुलं रोज जातात. आपला कोळसा सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या, आणि त्याहून जुन्या, दलदलीतल्या झाडांचा आहे. त्यांतलं ग्लॉसोप्टेरिस नावाचं झाड, त्याचं पान जिभेच्या आकाराचं. मी तसल्या पानाचा ठसा असलेला शेल या खडकाचा एक तुकडा वर्गात नेला होता. घंटा झाली तरी मुलं जागची हलली नाहीत. एका मुलाने तो नाकाला लावून वास घेतला. याहून चांगला भूगोलाचा तास मला दहा वर्षांत घेता आला नव्हता, आणि त्याला खर्च काहीच आला नाही.

एक गोष्ट सांगताना मला जड जातं, पण सांगते. नोव्हेंबर 1975 मध्ये सिलेवाडा खदानीत पाणी शिरलं आणि दहा कामगार वर आले नाहीत. पुढच्याच महिन्यात धनबादकडे चासनाला नावाच्या खदानीत तसंच घडलं. तिथे साडेतीनशेहून अधिक माणसं गेली, आणि ते नाव देशाच्या तोंडी झालं. सिलेवाड्याचं नाव मी शहरातल्या माझ्या सहकाऱ्यांपैकी ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या एकालाही आठवलं नाही. वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना मात्र अजून आठवतं. सिलेवाडा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, तुमच्या शाळेपासूनही फार लांब नाही.

आणखी एक बाजू आहे, तीही मुलांना दिसायला हवी. आमच्या मागच्या गल्लीत एक आजोबा राहतात. उघड्या खदानीसाठी त्यांची जमीन गेली. दोन एकरांमागे एका घरात एक नोकरी, असा हिशेब असतो. आजोबा संध्याकाळी खाट बाहेर टाकून बसतात आणि ढिगाऱ्याकडे बोट दाखवून सांगतात, “त्या टोकाले आमचा मोहाचा झाड होता. पोरं तिघं. नोकरी एकाले भेटली.” ज्याला मिळाली तो चांगला डंपर चालवतो, पक्कं घर बांधलं, मुलगी नर्सिंग शिकते. उरलेले दोघे ठेकेदाराकडे आहेत. काम तेच, पगार वेगळा. तिघे भाऊ एकाच खदानीत जातात आणि एकाच ताटात जेवत नाहीत. खदानीकडच्या रस्त्यालगतच्या शेतांत कापूस फुटतो तेव्हा कडेच्या ओळींची बोंडं करडी दिसतात. ट्रकांवरची ताडपत्री नीट बांधली तर ती तशी होणार नाहीत, हे सातवीच्या मुलालाही समजेल. त्याला ते एकदा दिसायला तरी हवं.

चांगलंही दिसतं. जुन्या ढिगाऱ्यांवर झाडं लावलेली आहेत, आणि आता तिथे मोर येतात. भानेगावकडे खदानीच्या वरच्या मातीतून रेती वेगळी करून ती नागपुरातल्या आवास योजनेच्या घरांना दिली गेली. म्हणजे तुमच्या वर्गातलं एखादं मूल खदानीतून निघालेल्या रेतीच्या भिंतींत झोपत असेल.

माझ्या वर्गात मी हे थोडं थोडं सांगायला लागले तेव्हा पहिला हात एका मुलीने वर केला. “मॅडम, मुली खाली जाऊ शकतात?” मी तिला सांगितलं की 1952 च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली काम करायला बंदी होती. जानेवारी 2019 मध्ये सरकारने ती काही अटींवर उठवली. तेव्हा तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी दिवसाच्या वेळेत खाली जायची मुभा त्यांना मिळाली. ती म्हणाली, “मग मी जाईन.” तिचे वडील बर्डीवर कापडाच्या दुकानात आहेत. खदानीशी तिचा काही संबंध नाही. मला तिचं ते वाक्य ऐकून इतका आनंद झाला की त्या दिवशी मी बसमध्ये सगळ्यांना ते सांगत सुटले.

मग मी त्या मुलाच्या वडिलांना विचारलं, तुमच्या सुटीच्या दिवशी वर्गात याल का? ते आधी नको म्हणाले. “मी काय सांगू जी तिथं? माह्यं शिक्षण दहावी.” मुलगा दाराआड उभा राहून ऐकत होता. शेवटी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, सळई वर्तमानपत्रात गुंडाळून. वर्गात शिरल्यावर दोन मिनिटं त्यांना शब्द सुचेना. मग त्यांनी सळई सोडवली आणि वर्गाची भिंत ठोकली. एका जागी खणखणीत, खिडकीखाली भदभद. “इथलं प्लास्टर सुटलं हाय,” ते म्हणाले. सगळी पोट्टी बाकांवरून उठून भिंतीला कान लावायला धावली. तासभर कोणी घड्याळ बघितलं नाही. कोणी विचारलं, भीती वाटते का. ते म्हणाले, रोज वाटते, वाटलीच पाहिजे, ज्याची भीती जाते त्याला मी माझ्या पाळीत घेत नाही. मागच्या बाकावर त्यांचा मुलगा बसला होता. तो त्या तासभरात एकदाही खिडकीबाहेर बघत नव्हता.

खिडकीखालचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात खरंच पडलं. आता शाळेतली मुलं जिन्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं ठोकून बघतात. बाकीच्या बाई रागावतात, पण मी रागावत नाही.

म्हणून तुम्हाला हे मागणं आहे. 2016 साली सावनेरची जमिनीखालची खदान आणि गोंडेगावची उघडी खदान पर्यटकांना दाखवण्याचा उपक्रम पर्यटन महामंडळाला सोबत घेऊन सुरू झाला होता. म्हणजे खदानीत मुलं नेता येतच नाहीत, असं कोणी सांगू नये. रीतसर अर्ज करावा लागतो, संमतीपत्रं घ्यावी लागतात, लहान मुलांना खाली नेत नाहीत तेव्हा वरूनच दाखवावं लागतं. ते सगळं करू. वॉटर पार्कच्या सहलीसाठीही आपण संमतीपत्रं घेतोच. ज्यांना सहल जमणार नाही त्यांनी निदान एखाद्या सरदाराला, पंप चालवणाऱ्याला, डंपर ऑपरेटर ताईला वर्गात बोलवावं. ती माणसं तुमच्या पालकसभेत मागच्या रांगेत बसलेली आहेत. आणि तुमच्या वर्गात कोणी कोणाला ‘कोळसा’ म्हणून हाक मारत असेल, तर ते त्याच दिवशी, त्याच तासाला थांबवा. ते तेवढ्यावर सोडू नका. ज्याला हाक मारली त्याला फळ्यापाशी बोलवा आणि त्याच्या वडिलांचं काम त्याच्याकडून समजून घ्या.

आमच्या शाळेने जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारसाठी अर्ज केला आहे. सातवीची एकेचाळीस मुलं आहेत, बस बावन्न जणांची आहे. शेवटच्या दोन रांगा मी रिकाम्या ठेवल्या आहेत. दुसऱ्या कुठल्याही शाळेतली नऊ मुलं आणि एक शिक्षक त्यात बसू शकतात. मॉडेल पलंगाखालून निघालं आहे. त्याचा पंखा पुन्हा फिरतो आहे आणि ते बसमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या मागे ठेवायचं ठरलं आहे. गमबुटांचे नंबर आधी कळवावे लागतात, तेवढे मुलांना विचारून ठेवा.

आपली,
सातवीची एक वर्गशिक्षिका
मुक्काम खापरखेडा, जिल्हा नागपूर